हृदय थांबते, तेव्हा मेंदूचे काय?

लहान मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया करताना हृदय काही काळ बंद ठेवावेच लागते. मेंदूला मात्र एवढीही सुट्टी परवडत नाही. या अवघड काळात चिमुकल्या मेंदूचा रक्तपुरवठा कसा सांभाळतात? आणि मूल घरी आल्यावर आईवडिलांनी कशाकडे लक्ष ठेवायचे?

भिलाईतल्या हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद प्रकल्पाच्या आधाराने वाढलेले कितीतरी कारखाने आहेत. त्यांतल्या कुठल्याही जुन्या फिटरला विचारा, दुरुस्तीचा पहिला नियम तो एकच सांगेल : आधी मशीन बंद, मग हात आत. पण भिलाईकरांना याच्या नेमका उलटा असा दुसरा नियमही ठाऊक असतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी, म्हणजे ब्लास्ट फर्नेस, सुरू झाली. ही भट्टी एकदा पेटली की वाटेल तेव्हा विझवता येत नाही. तिच्या पोटात जाणारा गरम हवेचा झोत अचानक फार वेळ बंद पडला, तर आतला लोखंडाचा रस थिजतो आणि भट्टीच निकामी होण्याची वेळ येते.

लहान मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपुढे हे दोन्ही नियम एकाच वेळी उभे ठाकतात. हृदय हे मशीन. ते थांबवून रिकामे केल्याशिवाय त्यातले छिद्र शिवता येत नाही. मेंदू ही भट्टी. तिचा झोत तुटता कामा नये. आणि भट्टीला झोत पुरवणारे यंत्र कोणते, तर जे बंद करायचे आहे तेच!

शस्त्रक्रियेच्या आधी संमतिपत्रावर सही करताना आईवडिलांच्या ओठांवर एकच प्रश्न असतो, ‘बाळ वाचेल ना?’ तो स्वाभाविकच आहे. पण त्याच्या मागोमाग आणखी एक प्रश्न मनात असतो आणि तो विचारायला जीभ रेटत नाही. बाळ पुढे इतर मुलांसारखे बोलेल ना, शाळेत जाईल ना, शिकेल ना? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हृदयात नाही, मेंदूत आहे. आणि ते बऱ्याच अंशी त्या काही तासांत मेंदूला किती रक्त मिळाले यावर अवलंबून असते.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळे हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मतात. आपल्या देशात वर्षाकाठी अशा बाळांची संख्या दोन लाखांच्या वर जाते. त्यांतल्या सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. लहान छिद्रे कित्येकदा आपोआप बुजतात. काही दोष मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून दुरुस्त करता येतात. परंतु मोठे छिद्र, ‘निळ्या बाळां’चे गुंतागुंतीचे दोष किंवा हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल अशा वेळी छाती उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

पेलाभर रक्त

मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा असतो, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा फस्त करतो. लहान मुलात हे प्रमाण आणखी वाढते. तीन किलोच्या नवजात बाळात मेंदूच साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे एक दशांशाहून जास्त. पुढे चार-पाच वर्षांच्या वयात मेंदूची वाढ जोरात असते, तेव्हा त्याच्या प्रत्येक ग्रॅमला मोठ्या माणसाच्या मेंदूपेक्षा जवळजवळ दुप्पट रक्त लागते. साठवण मात्र काहीच नाही. यकृत साखर साठवते, स्नायू थोडा प्राणवायू धरून ठेवतात. मेंदूचा कारभार हातावरचे पोट असलेल्या मजुरासारखा! नेहमीच्या तापमानाला रक्त थांबले, तर चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशी मरू लागतात.

या बाळाच्या अंगात रक्त तरी किती? तीन किलोच्या बाळात जेमतेम पाव लिटर, पाणी पिण्याच्या पेल्यात मावेल एवढे. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय आणि फुप्फुसे यांचे काम ‘हृदय-फुप्फुस यंत्रा’कडे सोपवले जाते. शरीरातून परत येणारे काळपट रक्त नळीवाटे यंत्रात येते, तिथे त्याला प्राणवायू मिळतो, ते हवे तसे थंड किंवा गरम केले जाते आणि पंपाने पुन्हा शरीरात सोडले जाते. या नळ्या आणि भांडी आधी द्रवाने भरून घ्यावी लागतात. पूर्वी त्यांत बाळाच्या एकूण रक्ताच्या दुप्पट-तिप्पट द्रव मावत असे! म्हणजे यंत्र सुरू होताक्षणी बाळाच्या रक्ताचे ताक व्हायचे. आता नळ्या आखूड आणि बारीक झाल्या आहेत, द्रवात जुळणारे रक्तही मिसळतात. तरी मोठ्या माणसाच्या शस्त्रक्रियेत न जाणवणारी प्रत्येक लहानसहान गोष्ट इथे डोंगराएवढी होते.

हे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला परफ्युजनिस्ट म्हणतात. कौतुकाच्या बातम्यांत त्याचे नाव क्वचितच येते. पण शल्यविशारद टाके घालत असताना बाळाचे हृदय त्याच्याच हातात असते, हे विसरून चालणार नाही.

बापाचे हृदय उसने

हे यंत्र नव्हते तेव्हा डॉक्टरांनी काय काय केले, ते वाचले की अंगावर काटा येतो. कॅनडातील टोरांटो येथे डॉ. विल्फ्रेड बिगेलो यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९५० मध्ये दाखवून दिले, की शरीर थंड केले की त्याची प्राणवायूची भूक कमी होते आणि रक्ताभिसरण काही मिनिटे थांबले तरी चालते. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १९५२ रोजी, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचे शरीर २८ अंशांपर्यंत थंड केले. हृदयाकडे येणारे रक्त साडेपाच मिनिटे अडवले आणि तेवढ्या वेळात तिच्या हृदयाच्या पडद्यातले छिद्र शिवले. मुलगी वाचली. पण साडेपाच मिनिटांत शिवून होईल असे सोपे छिद्र प्रत्येक मुलाच्या नशिबी थोडेच असते!

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी आपले हृदय-फुप्फुस यंत्र प्रथमच यशस्वीपणे वापरले. पुढच्या शस्त्रक्रियांत अपयश आल्यामुळे त्यांनी त्याचा नाद सोडला. मग मिनेसोटातच डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी वेगळीच वाट धरली. पोटात असताना बाळ आईच्या रक्तावर जगते, मग शस्त्रक्रियेच्या वेळी का नाही? २६ मार्च १९५४ रोजी त्यांनी एका वर्षाच्या बाळाशेजारी त्याच्या बापाला झोपवले आणि दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या. बाळाचे हृदय उघडे असताना त्याच्या मेंदूला रक्त पुरवले ते बापाच्या हृदयाने. शस्त्रक्रिया झाली, बाळ मात्र अकरा दिवसांनी न्युमोनियाने दगावले. या रीतीने लिलेहाय यांनी एकंदर ४५ जणांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतले २८ जण घरी गेले. एका वेळी मात्र रक्त देणाऱ्या आईच्याच शरीरात हवा शिरली आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. एका शस्त्रक्रियेत दोन जिवांचा धोका पत्करणारी ही पद्धत फार काळ टिकणार नव्हती. १९५५ नंतर सुधारलेल्या यंत्रांनी तिची जागा घेतली.

त्या काळी मूल वाचले हेच यश होते. वाचलेली मुले पुढे कशी शिकली, कशी चालली-बोलली, हे पद्धतशीर पाहायला आणखी तीन दशके जावी लागली.

गारठ्यातली झोप

तान्ह्या बाळाचे हृदय आक्रोडाएवढे. त्यात यंत्राच्या नळ्या, वाहणारे रक्त आणि शल्यविशारदाची बोटे अशी दाटी झाली की काही दिसेनासे होते. म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपान आणि न्यूझीलंडमधल्या शल्यविशारदांनी शीतकरणाची जुनी कल्पना टोकाला नेली. बाळाला १८ अंशांच्या आसपास थंड करायचे, डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या, मग यंत्रही बंद करायचे आणि नळ्या काढून घ्यायच्या. शरीरात रक्त वाहतच नाही. शल्यविशारदाला स्वच्छ, कोरडे, निश्चल हृदय मिळते.

या अवस्थेत मेंदू कसा टिकतो? शरीराचे तापमान एक अंश उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज सहा-सात टक्क्यांनी घटते. १८ अंशांवर ती नेहमीच्या पाचव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली येते. विहिरीला पाणी कमी म्हणून गावाने वापरच कमी करावा, तसा हा प्रकार. पण वापर कमी झाला तरी शून्य होत नाही. मिनिटे मोजली जातच असतात.

१९८९ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. विल्यम ग्रीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच लहान मुलांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. झेनॉन वायूचा किरणोत्सारी प्रकार अत्यल्प प्रमाणात रक्तात सोडायचा आणि तो मेंदूतून किती वेगाने धुऊन निघतो ते पाहायचे, अशी ती रीत होती. तीतून हाती आलेल्या दोन गोष्टी आजही मोलाच्या आहेत.

एक म्हणजे, निरोगी मेंदू आपला रक्तपुरवठा स्वतः सांभाळतो. रक्तदाब थोडा वरखाली झाला तर त्याच्या रक्तवाहिन्या सैल किंवा घट्ट होऊन प्रवाह सारखा ठेवतात. मध्यम थंडीत हे चालू राहते. कडक थंडीत मात्र ही सवय मोडते आणि मेंदू सर्वस्वी पंपाच्या दाबावर अवलंबून राहतो. दुसरी गोष्ट अधिक काळजीची. रक्ताभिसरण पूर्ण थांबवलेल्या मुलांत यंत्र पुन्हा सुरू करून शरीर ऊबदार केले, तरी मेंदूतला प्रवाह लगेच पूर्ववत होत नव्हता. नळ सोडला, पाइपही धड होता, पण शेतात पाणी रेंगाळत पोचत होते.

बॉस्टनच्या १७१ बाळांनी शिकवलेले

मग अभिसरण पूर्ण थांबवावे, की थंडीतही थोडा प्रवाह चालू ठेवावा? या वादाचा निवाडा लावण्यासाठी बॉस्टनच्या बालरुग्णालयात १९८८ ते १९९२ या काळात १७१ तान्ह्या बाळांचा अभ्यास झाला. सर्वांना एकच दोष होता. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल. कोणत्या बाळाला कोणती पद्धत, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. एका गटात मुख्यतः अभिसरण थांबवले, दुसऱ्यात यंत्राचा प्रवाह मंद पण चालू ठेवला.

पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. अभिसरण थांबवलेल्या बाळांना झटके अधिक आले. वर्षाची झाली तेव्हा बसणे, उभे राहणे, हाताने वस्तू धरणे यांत ती दुसऱ्या गटाच्या मागे होती. पण या अभ्यासाचे खरे मोल पुढे आहे. डॉक्टरांनी या मुलांचा पिच्छा सोडला नाही. चौथ्या वर्षी, आठव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षीही त्यांची तपासणी झाली. जसजशी वर्षे गेली तसतसा दोन गटांमधला फरक पुसट होत गेला. आणि एक वेगळेच चित्र पुढे आले. दोन्ही गटांतल्या मुलांची बुद्धी साधारण सर्वसामान्यांच्या जवळपास होती, परंतु लक्ष एकाग्र करणे, आकृत्या आणि जागेचा अंदाज, गणित, कामाची आखणी यांत दोन्हीकडची पुष्कळ मुले अडखळत होती. सोळाव्या वर्षापर्यंत सुमारे दोन तृतीयांश मुलांना अभ्यासात किंवा वागणुकीत कसली ना कसली खास मदत घ्यावी लागली होती.

अभिसरण किती वेळ थांबवले तर चालते, याचाही अंदाज याच मुलांवरून आला. साधारण ४१ मिनिटांपर्यंत फारसा फरक दिसला नाही, त्यापुढे मात्र गुण घसरत गेले. अर्थात ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. एखादे बाळ त्याआधीच अडचणीत येते, एखादे पुढेही तगते.

या अभ्यासानंतर बऱ्याच ठिकाणी पूर्ण थांबवण्याची पद्धत मागे पडली. महारोहिणीची कमान दुरुस्त करताना शरीराचा बाकीचा प्रवाह थांबवावा लागला, तरी उजव्या हाताकडे आणि डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून फक्त मेंदूला रक्त देत राहण्याची युक्ती आता रूढ झाली आहे. घरातले सगळे दिवे मालवायचे, देव्हाऱ्यातली समई तेवढी तेवत ठेवायची, असेच हे.

कपाळावरची पट्टी

भूल दिलेल्या बाळाचा मेंदू ‘मला रक्त कमी पडते आहे’ हे सांगणार कसा? करोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी पोचले. ते नाडीच्या ठोक्यावर चालते. हृदय-फुप्फुस यंत्राच्या साध्या पंपातून रक्त संथ धारेने वाहते, ठोका नसतोच. त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी ते मुके होते.

त्यावरचा तोडगा मात्र प्रकाशातूनच निघाला. अंधारात बॅटरीच्या काचेवर हात ठेवला की बोटे लालभडक दिसतात, हा खेळ प्रत्येकाने लहानपणी केला असेल. लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मांसातून, हाडातूनही बराच आत जातो. ड्यूक विद्यापीठाचेच प्रा. फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवले, की या प्रकाशाने कवटी न उघडता मेंदूतल्या प्राणवायूचा अंदाज घेता येतो. प्राणवायू असलेले रक्त आणि नसलेले रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात. आज बालहृदय शस्त्रक्रियेत बाळाच्या कपाळावर अशी एक पट्टी चिकटवलेली असते आणि पडद्यावर आकडा हलत असतो. मोठ्यांची कवटी जाड असते. बाळाच्या पातळ कवटीतून प्रकाश सहज खोलवर पोचतो, तेवढीच एक गोष्ट बाळाच्या बाजूची!

या आकड्याचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरेत घातलेली नळी समजा किंचित वाकली. पंपाचा वेग बरोबर, रक्तदाब बरोबर, सगळे कागदोपत्री ठीक. पण डोक्यातले रक्त बाहेर पडायला वाट नसल्याने आत ताजे रक्त शिरत नाही. बाळाचा चेहरा तर हिरव्या कापडाखाली झाकलेला! अशा वेळी कपाळावरच्या पट्टीचा आकडा उतरू लागतो. मूळच्या आकड्याहून वीस टक्क्यांची घसरण झाली, की सगळ्यांनी कारण शोधायचे, असा साधारण संकेत आहे. नळी सरळ करायची, प्रवाह वाढवायचा, रक्त फार पातळ झाले असेल तर आणखी रक्त द्यायचे.

दुसरे साधन ध्वनिलहरींचे. आजी तेल जिरवते ती बाळाची टाळू म्हणजे कवटीची अजून न मिटलेली खिडकीच असते. तिच्यातून किंवा कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी सोडल्या, की मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील प्रवाहाचा वेग ऐकू येतो. हवेचा बारीकसा बुडबुडा त्या प्रवाहात शिरला तर तोही टिपला जातो.

आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. रक्तातला कर्बवायू आपण टाकाऊ समजतो, पण मेंदूच्या रक्तवाहिन्या तोच उघडतो. तो फार कमी झाला तर त्या आकसतात. आता थंड द्रवात वायू जास्त विरघळतो. गोळी सोड्याची थंड बाटली फोडली तर कमी उसळते, तसे. म्हणून थंड रक्तातल्या कर्बवायूचा प्रभाव घटतो. अशा वेळी यंत्रातून मुद्दाम थोडा कर्बवायू मिसळला तर तान्ह्या बाळांचा मेंदू अधिक समप्रमाणात थंड होतो, असे १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत आढळले. टाकाऊ म्हणून ज्याला हाकलायचे, त्यालाच आमंत्रण!

शेवटी पुन्हा ऊब देण्याची घाईही नडते. बाळाला सावकाश तापवायचे आणि ३७ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. कष्टी झालेल्या मेंदूला ताप सोसत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत अतिदक्षता विभागातल्या परिचारिका एवढ्यातेवढ्या तापालाही धावपळ करताना दिसतात.

दोष केवळ यंत्राचा नाही

बॉस्टनच्या दोन्ही गटांतली मुले अडखळत होती, याचा अर्थ काय? मेंदूची एमआरआय चित्रे काढता येऊ लागल्यावर याचे एक उत्तर मिळाले. हृदयाचा गंभीर दोष असलेल्या पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांचा मेंदू, शस्त्रक्रियेच्या आधीच, सुमारे महिनाभर लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूएवढा अपक्व आढळला. काहींच्या मेंदूत आधीच लहान जखमाही होत्या. गर्भात असतानाच सदोष हृदय मेंदूला पुरेसे रक्त आणि प्राणवायू पोचवत नव्हते. म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारा मेंदू मुळात नाजूक असतो.

‘मग शस्त्रक्रियाच नको, मूल जरा मोठे होऊ दे’ असे कुणी म्हणेल, तर ते आगीतून फुफाट्यात पडणे होईल. निळ्या बाळाचे रक्त प्राणवायूच्या कमतरतेमुळे घट्ट होत जाते. त्याची गुठळी मेंदूत अडकू शकते. अंगात लोह कमी असेल तर हा धोका वाढतो. शिवाय फुप्फुसांत गाळले न जाता रक्त थेट मेंदूकडे जात असल्याने जंतू तिथे पोचून मेंदूत गळू होण्याची भीती दोन वर्षांपुढच्या अशा मुलांना असते. थांबण्याची किंमतही शेवटी मेंदूच मोजतो.

आपल्याकडे खरा घोळ इथेच आहे. उत्तम यंत्रे पुष्कळ ठिकाणी आली, पण मूल तिथवर वेळेत पोचत नाही. दूध पिताना बाळाच्या कपाळावर घाम येतो, दोन घोट घेऊन ते थांबते, वजन वाढत नाही, वरचेवर न्युमोनिया होतो. रडताना ओठ निळे पडतात. थोडे मोठे झालेले मूल खेळता खेळता उकिडवे बसते. ‘अशक्त आहे, दृष्ट लागली’ म्हणून महिने जातात. जन्मानंतर एक दिवस उलटल्यावर बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावून पाहण्याची पाच मिनिटांची तपासणी असे कितीतरी दोष उघड करू शकते. ती प्रत्येक प्रसूतिगृहात का होऊ नये, याचे समर्पक कारण देता येणार नाही.

हथखोजपासून फार लांब नाही

एके काळी दुर्ग-भिलाईच्या घरातले हृदयरोगी मूल घेऊन नागपूर, मुंबई किंवा थेट वेल्लोर गाठावे लागे. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना निदान नागपूर-मुंबईत नातलगांचा आसरा असे, इतरांना तोही नसे. २०१२ मध्ये नवा रायपूर येथे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय सुरू झाले आणि पुढे ते केवळ मुलांच्या हृदयोपचारांना वाहिलेले झाले. तिथे उपचारांचे पैसे घेत नाहीत. याच संस्थेचे नवी मुंबईत खारघर येथेही केंद्र आहे. भिलाईहून रायपूर तीसेक किलोमीटर, नवा रायपूर त्याच्या थोडे पुढे. सकाळी निघालेले मूल दुपारच्या आत तज्ज्ञांपुढे पोचू शकते. अट एवढीच, की त्याच्या छातीतली खरखर आधी कुणीतरी ऐकलेली असली पाहिजे.

त्यासाठी राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा प्रारंभ महाराष्ट्रात, पालघर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये झाला. या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांना छत्तीसगढात ‘चिरायु’ असे गोड नाव आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हावी अशी यात योजना आहे. पथक गावात आले त्या दिवशी मूल मामाच्या घरी पाठवू नये, एवढे तरी आईवडिलांच्या हाती आहे.

या कार्यक्रमाचा एक उपयोग मात्र फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे, तसाच वाढीतला मागासपणाही आहे. जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी डीईआयसी या नावाची केंद्रे काढली आहेत. तिथे बोलणे, चालणे, ऐकणे, समजणे यांची तपासणी आणि व्यायाम होतात. हृदयाची शस्त्रक्रिया झालेले मूल बरे होऊन घरी आले, की ‘झाले एकदाचे’ म्हणून सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या मुलाला या केंद्राचा रस्ता बहुधा कुणी दाखवत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच सांगितले आहे, की तान्हेपणी हृदय उघडून शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची वाढ वेळोवेळी तपासत राहावी, तक्रार असो वा नसो. २०२४ मध्ये या शिफारशींना नव्या माहितीची जोड मिळाली.

घरी काय पाहावे? पहिल्या दोन वर्षांत मान धरणे, बसणे, चालणे, पहिले शब्द वेळेवर येतात का. ऐकू नीट येते का, कारण काही औषधांनी कानांवर परिणाम होऊ शकतो. शाळेत गेल्यावर अक्षर फार वेडेवाकडे येते का, फळ्यावरचे उतरवताना मूल मागे पडते का, दोन सूचना एकदम दिल्या तर गोंधळते का. अशा मुलाला ‘आळशी’ म्हणून मारणे आणि ‘हृदयाचा पेशंट’ म्हणून कशालाच हात लावू न देणे, दोन्ही सारखेच वाईट. वेळीच मिळालेले वाचा-उपचार, हातांचे व्यायाम आणि समजूतदार बाई यांनी पुष्कळ कसर भरून निघते, कारण लहान मेंदूची शिकण्याची ताकदही दांडगी असते.

आणि रुग्णालयातून निघताना एक कागद अवश्य मागून घ्यावा. शस्त्रक्रिया कोणती, यंत्रावर किती मिनिटे, अभिसरण थांबवले असल्यास किती मिनिटे, शरीर किती अंशांपर्यंत थंड केले, नंतर झटके आले होते का. हे सारे शस्त्रक्रियेच्या नोंदीत असतेच, पण घरी दिलेल्या डिस्चार्ज कार्डावर ते सगळे उतरलेले असेलच असे नाही. सहा-सात वर्षांनी शाळेतल्या बाईंनी काही शंका काढली आणि मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे नेले, तर त्यांचा पहिला प्रश्न याच आकड्यांबद्दल असेल. तो कागद जन्माच्या दाखल्याबरोबर, त्याच पिशवीत ठेवावा.